उसाच्या वाटेवरचे पिक्चर

माणूस घाबरला की त्याची बोबडी वळते म्हणतात. माझ्या घरमालकांचं उलटं होतं. ते घाबरले की बोलायला लागायचे. आणि बोलायचे तरी काय? परग्रहावरून आलेले प्राणी, माणसावर उलटलेली यंत्रं, काळात मागं जाऊन घोळ घालून आलेले शास्त्रज्ञ, आणि या सगळ्यांवर हल्ली जे नवेनवे पिक्चर निघतात ते जुन्यांपुढं कसे भिकार आहेत, हे. तेही कुठं, तर दिवस बुडताना, दोन्ही बाजूंनी ऊस माजलेल्या वाटेवर, माझ्या कानाशी, सभेत भाषण केल्यासारखं. मी दिवसभर एसटीत कंडक्टरकी करून आलेली. 'पुढं सरका, दारात उभं राहू नका' करून माझाच घसा बसलेला असायचा. त्यात हे.

नारायणगाव डेपोत बदली झाली तेव्हा मला खोली मिळता मिळेना. नवरा नोकरीला नगरला, आणि एकटी बाई, तीही कंडक्टर, म्हटल्यावर लोकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. शेवटी खोडदच्या अलीकडं एका वस्तीवर हे काका-काकी भेटले. मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात दोघंच. मागची खोली मला दिली. खोली हवेशीर होती, पाणी मुबलक होतं. घराच्या स्लॅबवर उभं राहिलं की उसाच्या शेंड्यांवरून खोडदच्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना दिसायच्या, आभाळाकडं तोंड करून बसलेल्या. फक्त फाट्यापासून घरापर्यंत जी बैलगाडीची वाट होती, तिच्याविषयी मला खोली बघताना कुणी चकार शब्द बोललं नव्हतं.

इकडं बिबट्याला सरळ वाघच म्हणतात. हा वाघ डोंगरात राहत नाही, उसात राहतो. उसात जन्मतो, उसात मोठा होतो, त्याला ऊस हेच जंगल वाटतं. कुत्री, शेळ्या, वासरं तर नेतोच, पण पलीकडच्या वस्तीवर भांडी घासत बसलेल्या एका बाईवर त्यानं झेप घेतली होती आणि ती वाचली नव्हती. हे मला काकींनी राहायला आल्या आल्या सांगितलं, भाकरी थापता थापता, अगदी हळू आवाजात. काकी सगळंच हळू आवाजात सांगायच्या. त्या घरात मोठ्यानं बोलायचं खातं काकांकडं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी फाट्यावर उतरले की काका हजर. एका हातात घुंगरू बांधलेली काठी, दुसऱ्या हातात बॅटरी, गळ्याला मफलर. "चला ताई," म्हणायचे आणि पहिलं पाऊल टाकताच सुरू व्हायचे. अमुक पिक्चरचा पहिला भाग तुम्ही बघितलाय का, असं विचारायचे. मी कशाला बघायला जाते! मी जन्मात सासू-सुनांच्या मालिकांपलीकडं काही पाहिलेलं नाही. पण माझ्या उत्तरासाठी ते कधी थांबलेच नाहीत. कुणी ऐकतंय की नाही याची त्यांना फिकीर नव्हती, आणि मला वाटायचं, या गृहस्थाच्या डोक्याचा एखादा नट ढिला आहे.

तसा तो होताही. तरुणपणी त्यांनी आळेफाट्याला व्हिडिओ भाड्यानं द्यायचं दुकान घातलं होतं. पुढं केबलचा धंदा केला, आसपासच्या चार गावांत त्यांच्या वायरी होत्या. दिवसातून एक पिक्चर ते स्वतःच्या मर्जीनं लावायचे आणि तो हमखास हिंदीत डब केलेला, उडत्या तबकड्यांचा नाहीतर यंत्रमानवांचा असायचा. बायाबापड्या बोंब मारायच्या, आमची मालिका लावा म्हणून. काका दाद द्यायचे नाहीत. आणि लावलेला पिक्चर जर जुन्याची नवी आवृत्ती असला, तर पडद्याच्या खाली अक्षरांची पट्टी सोडायचे: 'मूळ पिक्चर यापेक्षा चांगला आहे. तो पाहिला नसल्यास कृपया टीव्ही बंद करावा.' पिक्चर संपेस्तोवर ती पट्टी फिरत राहायची. स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः हाकलून लावणारा केबलवाला या तालुक्यात दुसरा झाला नसेल. घरोघर डिशच्या छत्र्या आल्या आणि धंदा बसला, तेव्हा लोकांना वाईट वाटलं नाही. काकांनाही वाटलं नाही म्हणे. लोक आता वाट्टेल ते बघतील एवढंच त्यांना दुःख होतं.

'रीबूट' हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं मोबाईलचं काहीतरी. तर त्यांनी समजावून सांगितलं, की नाव तेच, गोष्ट तीच, चेहरेसुद्धा जुळते शोधायचे, आणि आतला जीव मात्र काढून टाकायचा, याला रीबूट म्हणतात. मेलेल्या माणसाला नवी कापडं घालून वरातीत बसवायचा प्रकार आहे, असं त्यांचं मत होतं. लोक हार घालतात, फोटो काढतात, आणि जवळ जाऊन कुणी बघत नाही.

पुस्तकावरून काढलेल्या पिक्चरांवर तर त्यांचा विशेष राग. जुन्नरच्या वाचनालयातून आणलेलं एक भाषांतर त्यांनी तीनचारदा वाचलं होतं. त्यात लांबच्या ताऱ्यावरून काहीतरी येतं, एका खेड्याशेजारी उतरतं. काय येतं, कसं दिसतं, याचं पुस्तकभर वर्णनच नाही. लेखकानं एवढंच लिहिलंय की त्या दिवसापासून गावातली कुत्री भुंकायची थांबली. हे सांगताना काका वाटेत चालता चालता आवाज खाली आणायचे. मग एकदम चढ्या आवाजात म्हणायचे, "आन् पिच्चरवाल्यांनी काय केलं? जनावर दाखवलं. दात, लाळ, शेपूट, समदं दाखवलं. आन् कुत्रीच काडून टाकली."

त्यांच्या मते भीतीचा सगळा कारभार न दिसण्यावर चालतो. जुने पिक्चर काढणाऱ्यांकडं सामान नव्हतं, म्हणून त्यांनी अंधार दाखवला, हलणारं गवत दाखवलं, आणि लोकांनी खुर्च्या घट्ट धरल्या. आता काँप्युटरवर काय वाट्टेल ते काढता येतं, म्हणून पहिल्या पाच मिनिटांतच जनावर आणून उभं करतात. वर आणि त्या जनावरासमोर हिरो विनोद करतो. या विनोदाची काकांना भयंकर चीड. समोर मरण उभं असताना जोक मारणारा माणूस आपण एवढ्या वर्षांत पाहिलेला नाही, असं ते म्हणायचे. "मानसानं भ्यावं ताई. त्यात लाज न्हाई. मी भितोय म्हून तर रोज घरी पोचतोय."

हे मात्र खरं होतं, ते भयानक भित्रे होते. संडासला जातानाही अंगणातून टाळ्या वाजवत जायचे. एकदा वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी ती उचलायला वाकले, तर त्यांनी माझा दंड असा धरून वर ओढला की दुसऱ्या दिवशी तिथं काळंनिळं झालं होतं. "वाकायचं न्हाई." एवढंच बोलले. उसात वाकलेला किंवा बसलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, हे त्यांनी घरी आल्यावर सांगितलं. वाटेत नाही. वाटेत त्यांनी मला एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा अशी खडीवरून चालवत नेली आणि तेवढ्या वेळात एका शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली, जो पडलेला चष्मा उचलायला वाकतो. मी मनातून त्यांना लाख शिव्या दिल्या.

मग एके दिवशी मला त्यांचं गणित कळलं. त्या दिवशी ते नेहमीसारखे सुरू झाले, पण मध्यावर आल्यावर आवाज चढत गेला. उगाचच चढत गेला. काळात मागं जाणाऱ्या माणसाचा पिक्चर होता, त्यात ओरडण्यासारखं काही नव्हतं. पण हे ओरडायलाच लागले, गोष्ट भलतीकडंच गेली, एका पिक्चरमधला माणूस दुसऱ्यात शिरला, यंत्रमानवाचं लग्न लागलं. मी बघितलं तर ते माझ्या डाव्या अंगाला, माझ्या आणि त्या बाजूच्या उसाच्या मधे येऊन चालत होते. घरी पोचल्यावर पाणी प्यायले आणि काकींना म्हणाले, "व्हता." त्या रात्रीपासून मी त्यांच्या पिक्चरांवर कधी वैतागले नाही. उलट कान देऊन ऐकायला लागले, गोष्टीसाठी नाही, आवाजासाठी. पिक्चर हळू चाललाय तोवर ठीक, आवाज चढला की समजायचं. चढायचाही वरचेवर. मी घामाघूम होऊन घरी पोचायची आणि सकाळी पुन्हा तीच वाट तुडवत ड्युटीवर जायची. सवय होते म्हणतात, मला कधी झाली नाही.

काकींना मात्र या पिक्चरांचं काही सोयरसुतक नव्हतं. इतकी वर्षं संसार केला, पण त्यांनी नवऱ्याबरोबर एकही पिक्चर शेवटपर्यंत बघितला नव्हता. काका टीव्हीसमोर बसून त्या मेल्या डबिंगवाल्यांना नावं ठेवत असायचे आणि काकी शेजारी बसून लसूण सोलत असायच्या. मधेच काका विचारायचे, "आयकलं का? ह्यो शास्त्रज्ञ मुळात मास्तर व्हता." काकी म्हणायच्या, "असंल." बस. भांडण नाही, तंटा नाही. एवढाच त्यांचा सिनेमावरचा संवाद.

काकांचा आवाज बसायला लागला तो पावसाळ्यात. सर्दी आहे म्हणाले. मग घसा धरलाय म्हणाले. हळदीचं दूध झालं, काढे झाले. आयुष्यभर दाढेखाली तंबाखू धरलेला माणूस, मला शंका यायची, पण बोलणार कोण? शेवटी मुलीनं जबरदस्तीनं पुण्याला नेलं आणि तिथल्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते काकींनी मला चुलीपाशी सांगितलं, नेहमीपेक्षाही हळू. जीव वाचवायचा तर गळ्यातली आवाजाची पेटीच काढायला लागणार होती.

दिवाळीच्या आधी काका परत आले. गळ्याच्या खालच्या अंगाला भोक, श्वास तिथूनच. वर मफलर. तोंडानं नुसते ओठ हलायचे, आतून काही यायचं नाही. मी त्यांच्यासमोर हसून बोलले आणि खोलीत जाऊन दार लावून रडले. मला त्यांचं वाईट वाटत होतं हे खरं, पण तितकंच खरं हेही होतं की मला माझं भय वाटत होतं. आता फाट्यावर कोण येणार?

डॉक्टरांनी एक मशीन दिलं होतं. मुठीत मावेल एवढं. ते गळ्याला दाबून धरायचं, बटण दाबायचं आणि बोलल्यासारखे ओठ हलवायचे, की त्यातून आवाज निघतो. दवाखान्यात त्यांनी ते शिकूनही घेतलं होतं म्हणे. पण घरी आल्यावर त्यांनी ते डब्यात घालून कपाटात ठेवलं ते ठेवलंच. मी एकदा हट्ट केला, ऐकवा ना काका. त्यांनी मोबाईलवर काहीतरी टाइप केलं आणि माझ्यापुढं धरलं. 'ते रीबूट आहे. मूळ तुम्ही ऐकलेलं आहे.' मी हसायचं म्हणून हसले, ते हसले नाहीत.

पिक्चर बघायचे, पण आवाज बंद करून. संध्याकाळी स्लॅबवर जाऊन बसायचे, त्या अँटेनांकडं तोंड करून. चहा हवा असला की एक टाळी वाजवायचे. सगळ्यात भित्रा माणूस आणि आता त्याला ओरडताही येत नव्हतं, म्हणून ते अंगणाबाहेर पडायचेच बंद झाले. संध्याकाळ झाली की त्यांचा चेहरा बघवायचा नाही.

मला न्यायला आता काकी यायच्या. मी नको नको म्हटलं, पण ऐकेनात. एकीपेक्षा दोघी बऱ्या, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे फाट्यापर्यंत त्या एकट्या येणार, तेही उजेड असताना, आणि परत जाताना आम्ही दोघी. काठी तीच, बॅटरी तीच, पण बोलणं नाही. काकींना म्हटलं, बोला काहीतरी, तर म्हणायच्या, "मला कुटं काय येतंय बोलाया?" जन्मभर घरातलं बोलणं दुसऱ्यानं केलेलं, त्यांना सवयच नव्हती. मग मीच बोलायची. गाडीतली भांडणं सांगायची, हाफ तिकिटासाठी पोराचं वय चोरणारी माणसं सांगायची, ते संपलं की गाडीचे थांबे ओरडायची. उसात पान जरी सळसळलं तरी वाक्य तुटायचं. असं तुटलं की काकी माझा हात दाबायच्या, म्हणजे पुन्हा सुरू कर.

ऊस तुटायला लागला आणि भीती वाढली. लोकांना वाटतं, ऊस गेला की वाघही गेला. तसं नसतं. एका शेतातला ऊस तुटला की तो शेजारच्या उभ्या उसात येतो, तिथला तुटला की त्याच्या शेजारच्या. आमच्या वाटेच्या दोन्ही अंगांचा ऊस तेवढा उभा राहिला होता, कारण ऊसतोडीची टोळी यायला उशीर झाला होता. आसपासचं सगळं रान मोकळं, आणि सगळी जनावरं आमच्या वाटेला. हे मला कळत होतं, काकींना कळत होतं, आणि आम्ही एकमेकींशी त्याविषयी एक अक्षर बोलत नव्हतो.

त्या दिवशी आळेफाट्याला वाहनांची गर्दी होती, मला फाट्यावर उतरायला उशीर झाला. काकी बिचाऱ्या रस्त्याच्या कडेला उभ्याच. दिवस बुडाला होता, पण वाट दिसत होती. थंडी पडायला लागलेली. आम्ही निघालो. मी एका प्रवाशाची गोष्ट काढली, जो कोंबडा पिशवीत लपवून आणतो आणि कोंबडा आरवतो. काकी हसल्या नाहीत, मलाही हसू येत नव्हतं, पण मी ओरडून सांगत होते.

वाट जिथं वळते तिथं आलो आणि पुढून आवाज आला.

तो कसला आवाज होता हे मी आजही नीट सांगू शकत नाही. मोटारीचा स्टार्टर अडकला की कसा गुरगुरतो, तसा, एकाच पट्टीत. ना चढ ना उतार. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. आणि तो जागेवर नव्हता, आमच्याकडं येत होता. माझा कोंबडा घशातच राहिला. काकींनी माझं मनगट पकडलं, त्यांची नखं रुतली. त्या पुटपुटल्या, "ताई, ह्ये मानसाचं न्हाई."

आता वाटतं, कसं कळलं नाही? पण ते मशीन चालू असताना आम्ही दोघींनी कधी ऐकलंच नव्हतं. आणि त्या वेळी डोकं चालत नसतं. मला फक्त एवढं कळत होतं की जे काही आहे ते पुढं आहे, आणि मागं फाटा आहे, रस्ता आहे, गाड्या आहेत, माणसं आहेत. काकी मागं वळल्या. मीही वळले. आम्ही पळायच्या बेतात होतो, पाऊल उचललंच होतं.

तेवढ्यात त्या गुरगुरण्यातून शब्द सुटे व्हायला लागले. अर्धे तुटलेले, अर्धे नाकातून आल्यासारखे, पण शब्द. "कालचा पिच्चर," ते म्हणत होतं. "पुस्तकात ती बाई वाचती. पुस्तकात वाचती. ह्यांनी उगाच मारली."

मी तशीच उभी राहिले. माझ्या अंगावरचा काटा तसाच होता. काकी मात्र वळल्या. इतकी वर्षं शेजारी बसून लसूण सोलताना त्यांनी काहीच ऐकलं नाही असं मी समजत होते. त्यांनी माझं मनगट सोडलं आणि म्हणाल्या, "ह्ये हायेत ताई. ह्येच हायेत. पिच्चरला नावं ठिवत्यात."

वळणावरून काका आले. पायात चपला नव्हत्या. एका हातानं मशीन गळ्याला दाबून धरलेलं, दुसरा हात रिकामा. मफलर कुठंतरी पडला होता आणि ते भोक उघडं दिसत होतं. आमच्याजवळ येऊनही ते थांबले नाहीत, बोलायचेही थांबले नाहीत. तसेच आमच्या बाजूनं जाऊन आमच्या मागं उभे राहिले आणि काकींच्या पाठीवर हात ठेवून त्यांना पुढं ढकललं. चारचौघांत त्यांनी बायकोला हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहिला. काकी दचकल्या आणि चालायला लागल्या, त्यांच्या मागं मी, आणि शेवटी ते, त्या एकसुरी आवाजात पिक्चर सांगत.

मला वाटलं, चला, बरं झालं, माणूस बोलायला लागला. एकट्यानं बसून बसून कंटाळला असेल, आम्हाला चकित करायला आला असेल. आवाज भयानक होता, कानात भुंगा शिरल्यासारखा, पण गोष्ट त्यांचीच होती. त्या बाईला पुस्तकात लेखकानं कसं शहाणं केलंय, आणि पिक्चरमध्ये तिला कशी वेड्यासारखी किंचाळत पळायला लावलीय, हे ते सांगत होते. मी जरा भराभर चालायला लागले तर मधेच "हळू," म्हणाले आणि पुढं सांगत राहिले. पूर्वी मला त्यांच्या आवाजावरून अंदाज यायचा. या आवाजाला चढणं माहीतच नव्हतं, त्यामुळं काही कळायला मार्ग नव्हता. घर दिसेपर्यंत मी चक्क निवांत झाले होते.

अंगणात आलो. काकांनी आम्हाला आत घातलं, दाराला कडी लावली आणि तिथंच उंबऱ्याशी खाली बसले. छातीचा भाता चाललेला, गळ्यातल्या भोकातून शिट्टीसारखा श्वास येत होता. मी पाणी आणलं. त्यांनी ते नुसतं हातात धरलं आणि मशीन गळ्याला लावलं.

"फाट्यापासनं तुमच्या मागं व्हता," ते म्हणाले.

त्यांनी स्लॅबवरून बघितलं होतं. आम्ही दोघी वाटेला लागलो आणि तो उसातून निघून आमच्या मागं वाटेवर आला. आम्ही चाललो की चालायचा, आम्ही थांबलो की थांबायचा. काका स्लॅबवरून ओरडायला गेले तर तोंडातून हवा निघाली. टाळ्या वाजवल्या, त्या आम्हाला ऐकू आल्या नाहीत. आणि काका वळणावर पोचले तेव्हा आम्ही मागं वळलो होतो, आणि तो आमच्यापासून आपल्या अंगणाएवढ्या अंतरावर, वाटेच्या कडेला उसाच्या सावलीत दबून बसला होता. आम्ही ज्याच्याकडं पळत सुटणार होतो तो तोच.

मी जवळजवळ किंचाळले, मग सांगितलं का नाही काका, वाटेत सांगायचं ना!

"पळाला असता तुमी," ते म्हणाले. एकाच पट्टीत, शांत वाटेल असं. पण त्यांचे डोळे शांत नव्हते. आयुष्यात इतका घाबरलेला माणूस मी पाहिलेला नाही, आणि तो माणूस त्या वाघाकडं तोंड करून, रिकाम्या हातानं, अनवाणी चालत आला होता. आम्हाला पुढं घालून त्याच्याकडं पाठ करून परत आला होता. मला कुठं तोंड लपवू असं झालं. भिंतीला टेकून मी खालीच बसले, आणि मग मला जी थंडी भरली ती गोधडी घेऊनही जाईना.

काका उठले. मशीन पुसलं, डब्यात घातलं आणि डबा घेऊन कपाटाकडं निघाले. काकी इतका वेळ काठी हातात धरून दाराला टेकून उभ्या होत्या, पापणीसुद्धा न हलवता. त्या पुढं झाल्या आणि त्यांच्या हातातून डबा काढून घेतला. झाकण उघडलं, मशीन बाहेर काढलं. ते त्यांनी काकांच्या हातात परत दिलं.

"मला भ्या वाटतंय ह्या आवाजाचं," काकी म्हणाल्या. नेहमीसारख्याच हळू. "खरं सांगती. वाटंत वाटलं, ह्यापरीस मेलेलं बरं. आत्ताबी काटा येतोय."

काकांनी मान खाली घातली.

"पर ठिऊ नका ते. बोला. मी भीत भीत आयकीन."

त्यांनी पाट ओढला आणि काकांच्या समोर बसल्या. हातात लसूण नव्हता, काम नव्हतं. पदर नीट केला आणि विचारलं, "ती बाई पुस्तकात वाचती म्हनलात. मग पुडं काय करती ती?"

काकांनी मशीन गळ्याला लावलं, बटण दाबलं. बराच वेळ नुसतीच घरघर येत राहिली, कारण त्यांना ओठच हलवता येईनात.